झाकलेले नख : सह्यमाथ्यावरील एका प्राणिविशेषाचा ऐतिहासिक विचार

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या अगदी कड्यावर आहुपे हे गाव वसलेले आहे. पूर्वेस घोड नदीचे खोरे डिंभ्याकडे उतरत जाते. पश्चिमेस जमीन एकाएकी संपते आणि खाली मुरबाडकडील कोकणपट्टी व गोरखगड-मच्छिंद्रगडाचे सुळके दृष्टीस पडतात. येथून उतरणारा आहुपे घाट नाणेघाटाइतका प्रसिद्ध नसला, तरी देश आणि कोकण यांना जोडणाऱ्या जुन्या पायवाटांपैकी तो एक होय. वस्ती मुख्यतः महादेव कोळी समाजाची. भात, नाचणी आणि हिरड्याची वेचणी ही तिची उपजीविका. गावाची देवराई आहे आणि भोवतालच्या रानाचा मोठा भाग १९८५ मध्ये घोषित झालेल्या भीमाशंकर अभयारण्यात मोडतो. या रानात बिबट्या आजही आहे. पट्टेरी वाघ मात्र आता येथे वस्तीला नाही. तरीही अश्विन वद्य द्वादशीला, म्हणजे वाघबारशीला, या पट्ट्यातील गुराखी वाघोबाला नैवेद्य दाखवितात. प्राणी गेला आणि त्याचा देव राहिला, अशा या प्रदेशात वाघाविषयीचा पुरावा कशाकशात शिल्लक आहे, हा इतिहासाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना वाघाच्या एका अवयवाकडे वारंवार यावे लागते. तो अवयव म्हणजे त्याचे नख.

मार्जारकुलातील प्राण्यांची नखे 'आत ओढता येणारी' असतात, असे पाठ्यपुस्तकांतून सांगण्याची पद्धत आहे. लिनियसच्या अठराव्या शतकातील वर्गीकरणापासून हे लक्षण या कुलाची खूण म्हणून चालत आले आहे. वर्णन चुकीचे नाही, पण त्याने क्रियेची दिशा उलटी भासते. नख बोटाच्या शेवटच्या हाडावर बसलेले असते. हे हाड मधल्या हाडाच्या बाजूस मागे दुमडून राहते व मधले हाड त्या बाजूस किंचित खोलगट असल्यामुळे त्याला तेथे जागा मिळते. त्याला दुमडलेले ठेवण्याचे काम लवचीक अस्थिबंध करतात आणि त्यासाठी स्नायूंना वेगळे श्रम पडत नाहीत. प्राणी चालत असो, बसलेला असो वा निजलेला असो, नख आतच असते. ते बाहेर काढावयाचे असेल तेव्हा मात्र बोट वाकविणारा खोल स्नायू आकुंचन पावतो, कंडरा ताणली जाते आणि शेवटचे हाड पुढे फिरते. गोन्या व अ‍ॅशवर्थ या संशोधकांनी १९७५ मध्ये मांसभक्षक प्राण्यांच्या बोटांची तुलना करून ही रचना तपशिलाने मांडली. म्हणजे नख आत ओढणे ही क्रियाच नव्हे. बाहेर काढणे ही क्रिया होय. तलवार म्यानातच असते, ती उपसावी लागते, हा दृष्टांत येथे अधिक यथार्थ ठरेल. या व्यवस्थेचा लाभ उघड आहे: जमिनीशी घर्षण न झाल्याने नखाचे टोक झिजत नाही आणि पाऊल निःशब्द पडते.

शरीराचा एखादा भाग झाकून ठेवण्याच्या तऱ्हा प्राणिसृष्टीत अनेक आहेत, परंतु त्यांची यंत्रणा एकसारखी नाही. पावसाळ्यात आहुप्याच्या बांधांवर फिरणारी गोगलगाय आपली शिंगे आत घेते ती स्नायूंच्या ओढीने. शिंग मोज्याच्या बोटासारखे उलटे होऊन आत जाते आणि टोकावरचा डोळाही त्याबरोबर जातो. घोणस व चापडा या सर्पांचे लांब विषदंत मिटलेल्या जबड्यात टाळूलगत आडवे पडून असतात व दंशाच्या वेळी वरच्या जबड्याच्या हाडासह पुढे उभे राहतात. नागाचे दात आखूड व स्थिर असल्याने त्याला अशा योजनेचे प्रयोजनच पडत नाही. कासवाचे उदाहरण तर भारतीय वाङ्मयात फार जुने आहे. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात इंद्रिये आवरणाऱ्या पुरुषाला अवयव आत घेणाऱ्या कासवाची उपमा दिली आहे. मूळ श्लोकात केवळ आवरण्याचा उल्लेख आहे. १२९० मध्ये पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीत मात्र या उपमेचा विस्तार करताना कासव प्रसन्न असता अवयव पसरते आणि इच्छेनुसार आवरते, अशी दोन्ही अंगे सांगितली आहेत. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने हा विस्तार लक्षणीय आहे. कासवाच्या बाबतीत पसरणे व आवरणे या दोन्ही स्नायूंनी केलेल्या क्रियाच असतात. मांजराच्या बाबतीत त्यांपैकी एक आपोआप होते.

हा भेद जमिनीवर उमटतो आणि तेथून तो इतिहासाचा विषय बनतो. कुत्रा, कोल्हा, लांडगा आणि तरस यांच्या पाऊलठशांत बोटांपुढे नखांच्या खुणा दिसतात. वाघ व बिबट्या यांच्या ठशांत त्या सामान्यतः दिसत नाहीत. चार बोटे आणि मागील कडेला तीन फुगीर भाग असलेला तळवा एवढेच उमटते. चिखलात घसरताना किंवा चढण चढताना बिबट्याचीही नखे बाहेर येतात, म्हणून एकाच ठशावरून निर्णय करणे धोक्याचे असते. माग काढणारा जाणकार सलग पावले पाहतो. जी खूण उमटलेली नाही तिच्यावरून प्राणी ओळखणे ही पुराव्याची एक दुर्मीळ जात होय, आणि सह्याद्रीतील गुराख्यांना ती पुस्तकांच्या कितीतरी आधीपासून अवगत आहे. तिचे मोल केवळ बौद्धिक नाही. शेळी किंवा वासरू वन्य प्राण्याने मारले असे पंचनाम्यात ठरले, तर मालकाला शासनाकडून भरपाई मिळू शकते. मोकाट कुत्र्यांनी मारले असे ठरले, तर मिळत नाही. दोन-चार गुरांवर संसार चालविणाऱ्या घराचे वर्ष अशा वेळी ओल्या मातीतील नखांच्या चार टिंबांवर अवलंबून राहते. जुन्नर वनविभागात, विशेषतः २००१ ते २००३ या काळात, बिबट्यांचे माणसांवरील हल्ले वाढले. त्यानंतर तर उसाच्या सरीतील ठसा कोणाचा हा प्रश्न डोंगरकपारीपुरता उरला नाही.

शासकीय पातळीवरही या ठशांवर मोठी भिस्त ठेवली गेली होती. ओडिशातील वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी १९६० नंतरच्या दशकात ठशांवरून वाघ मोजण्याची पद्धत विकसित केली आणि १९७२ च्या देशव्यापी गणनेत भारतात १,८२७ वाघ असल्याचा आकडा पुढे आला. ठशावरून एकेक वाघ व्यक्तिशः ओळखता येतो, हे या पद्धतीचे गृहीत होते आणि तेच पुढे टिकले नाही. सरिस्का अभयारण्यात वाघ उरलेलेच नाहीत हे २००५ मध्ये उघड झाले, तेव्हा ठशांची गणना मागे पडून छायाचित्रण-सापळ्यांवर आधारलेली पद्धत आली. ठसा जात सांगतो, व्यक्ती सांगेलच असे नाही. गुराख्याने त्याच्याकडून याहून अधिक काही मागितले नव्हते, हेही येथे नमूद केले पाहिजे.

जातीच्या बाबतीतही लेखी साधने वाचताना सावधगिरी हवी. ग्रामीण मराठीत 'वाघ' हा शब्द पट्टेरी वाघ व बिबट्या या दोहोंसाठी चालतो. भेद करावयाचा असेल तेव्हाच 'ढाण्या वाघ' किंवा 'बिबळ्या वाघ' असे म्हणतात. त्यामुळे जुन्या कागदात वाघाने गुरे मारल्याची नोंद आढळली, म्हणजे त्या रानात पट्टेरी वाघ होता असे सिद्ध होत नाही. याच न्यायाने वाघोबा हा नेमका कोणाचा देव, हा प्रश्नही पूजकांनी कधी सोडविलेला नाही. त्यांना त्याची गरज पडली नाही. 'चित्ता' या शब्दाचा गोंधळ तर आजही वृत्तपत्रांत होतो. वास्तविक चित्ता नखांच्या बाबतीत आपल्या कुलापासून निराळा आहे. त्याच्या नखांवर त्वचेचे पूर्ण आवरण नसते, ती धावताना जमिनीत रुततात व ठशात दिसतात. त्याच्या प्रजातीला एकोणिसाव्या शतकात मिळालेल्या शास्त्रीय नावाचा अर्थच 'न हलणारे नख' असा आहे. हा अर्थही पुरता खरा नाही, कारण चित्त्याच्या बोटांत मागे दुमडण्याची रचना आहेच; उणीव आहे ती म्यानाची. कोल्हापूर संस्थानात चित्त्यांकरवी काळविटांची शिकार करण्याची प्रथा विसाव्या शतकातही चालू होती आणि देशी चित्ते मिळेनासे झाल्यावर ते आफ्रिकेहून आणविले जात. १९४७ मध्ये कोरिया संस्थानात तीन चित्ते मारले गेल्यानंतर, १९५२ मध्ये हा प्राणी भारतातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले. २०२२ मध्ये मध्य प्रदेशातील कुनो येथे आणलेले चित्ते पुन्हा आफ्रिकेचेच.

आता शस्त्राकडे वळता येईल. आहुपे ज्या जुन्नर-आंबेगाव टापूत आहे, त्याच टापूत शिवनेरी आहे. तेथे १६३० मध्ये शिवाजी महाराजांचा जन्म झाला, आणि मराठी मनात 'वाघनख' हा शब्द उच्चारताच प्राण्याच्या आधी त्यांचेच स्मरण होते. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी झालेल्या अफजलखानाच्या भेटीत वाघनख वापरले गेले, असे सतराव्या शतकाच्या अखेरीस राजाराम महाराजांच्या काळात जिंजीस लिहिलेली सभासदाची बखर सांगते. तिच्या कथनात डाव्या हाती वाघनख व उजव्या हाती बिचवा आहे. परमानंदाच्या शिवभारतात मात्र प्रहार कृपाणाचा आहे. दोन्ही साधने महत्त्वाची आहेत आणि दोहोंचा मेळ ओढूनताणून घालण्यापेक्षा हा भेद उघड ठेवणेच शास्त्रीय होय.

ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासग्रंथात वाघनखाचे वर्णन दिले आहे: तर्जनी व करंगळीत बसणारे पोलादी साधन, तीन वाकडी पाती, अर्धवट मिटलेल्या मुठीत सहज लपणारे. संग्रहालयांतून चार वा पाच नखांचे नमुनेही आढळतात. या शस्त्राने वाघाकडून काय घेतले आणि काय घेतले नाही, हे पाहण्याजोगे आहे. वक्र आकार घेतला, लपून राहण्याचा गुण घेतला. यंत्रणा घेतली नाही, घेणे शक्यही नव्हते. पोलादी नखे एका पट्टीला पक्की जडलेली असतात. ती झाकावयाची तर माणसाला बोटे मिटावी लागतात आणि हात उघडताच ती उघडी पडतात. वाघाला जे विश्रांतीत साधते ते माणसाला प्रयत्नाने साधावे लागते. दुसरीही एक गोष्ट आहे. वाघ नखाने भक्ष्य धरतो आणि मारतो ते दातांनी. सभासदाच्या वर्णनातील वाघनख व बिचवा ही जोडी या विभागणीची आठवण करून देते. ते साम्य योजिलेले होते असे म्हणण्यास आधार नाही, पण एकट्या वाघनखाला सगळे श्रेय देणाऱ्या लोककथेपेक्षा बखरकाराचे कथन शरीरशास्त्राला अधिक जवळचे आहे.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनख २०२४ च्या जुलैमध्ये काही काळासाठी साताऱ्यास आणले गेले, तेव्हा या विषयाला पुन्हा उजाळा मिळाला. ते १८१८ नंतर साताऱ्यास नेमणुकीवर असलेल्या ग्रँट डफला पेशव्यांच्या प्रधानाकडून मिळाले, असा मजकूर त्याच्या पेटीवर आहे. त्याच मजकुरात मारला गेलेला सरदार मोगलांचा असल्याचे म्हटले आहे. अफजलखान विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार होता. ज्याने हा मजकूर घातला त्याला इतकी मूळ गोष्टही ठाऊक नसावी, ही त्या परंपरेच्या विश्वसनीयतेला बाध आणणारी बाब होय. वस्तू १६५९ मधीलच आहे याची खात्री खुद्द संग्रहालयही देत नाही. वाघनख नावाचे शस्त्र मराठ्यांत प्रचारात होते, एवढे ती वस्तू निःसंशय सिद्ध करते.

खऱ्या नखाचा इतिहास याहून दीर्घ आणि वाघाच्या दृष्टीने अधिक घातक आहे. सातव्या शतकात बाणभट्टाने हर्षचरितात बालक हर्षाच्या गळ्यात सोन्यात बसविलेल्या वाघनखांची माळ वर्णिली आहे. मुलाला दृष्ट लागू नये, भय वाटू नये म्हणून गळ्यात वाघनख घालण्याची रीत महाराष्ट्रात अगदी अलीकडेपर्यंत सधन घरांतून होती. नाव एक आणि वस्तू अनेक, असा प्रकार येथेही आहे. वैद्यकातील व सुगंधी द्रव्यांतील 'व्याघ्रनख' किंवा नखला म्हणजे वाघाचे नख नव्हे. ती समुद्री गोगलगाईच्या शिंपल्याच्या तोंडावरील झाकणी असते. प्राणी आत गेल्यावर दार लावावे तशी ती बसते. आत घेतल्या जाणाऱ्या दोन अगदी भिन्न अवयवांशी संबंधित वस्तूंना एकच नाव मिळावे, हा योगायोग केवळ आकाराच्या साम्यातून आलेला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघाच्या नखांचा व्यापार गुन्हा ठरविला. तेव्हापासून बाजारात जनावरांच्या शिंगांतून कोरलेली नकली नखे खऱ्याच्या नावाने विकल्याची प्रकरणे वेळोवेळी उघडकीस येत असतात. अस्सल नखाच्या मुळाशी बोटाच्या शेवटच्या हाडाचा भाग असतो. दागिन्यात तो सोन्याच्या कोंदणाखाली झाकला जातो.

जिवंत प्राण्याचे नख पूर्णपणे बाहेर आल्याचा टिकाऊ पुरावा मिळतो तो झाडांवर. बिबट्या झाडाच्या बुंध्यावर पुढील पंजे ओढतो, त्यामुळे नखावरील जुनी टरफले गळून पडतात आणि खाली नवे तीक्ष्ण टोक उघडे होते. सालीवर उभे, समांतर ओरखडे राहतात. जाड सालीच्या जुन्या वृक्षावर ते दीर्घकाळ टिकतात. ज्या रानांत कुऱ्हाड चालली तेथे असे बुंधे उरले नाहीत. देवरायांत ते उरले आहेत.