भातुकलीचा संगणकी संसार : ‘द सिम्स’ मालिकेत सरस कोण?

कुपवाड : चूल, बोळकी, पितळी पातेली आणि चिंध्यांची बाहुली एवढ्या सामग्रीवर मराठी घरांतील मुलांनी पिढ्यान्‌पिढ्या संसार मांडला. भातुकलीत कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. घरात मोठी माणसे जे करतात ते करून पाहणे, एवढाच तिचा हेतू असतो. संगणकाच्या पडद्यावर हाच खेळ ४ फेब्रुवारी २००० रोजी ‘द सिम्स’ या नावाने अवतरला. २०२५ मध्ये या मालिकेने पंचविशी पूर्ण केली. जगभरात तिच्या सुमारे २० कोटी प्रती विकल्या गेल्याचे सांगितले जाते. मालिकेतील कोणता खेळ सर्वांत सरस, हा वाद मात्र आजही मिटलेला नाही.

ज्या गावात घराचा दिवस कारखान्याच्या पाळीवर ठरतो, त्या कुपवाडच्या वाचकाला या खेळाचे गणित वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. झोप, जेवण, कामाची वेळ, शेजारधर्म आणि हाती उरणारा पैसा यांचा मेळ घालणे, हाच येथील डाव. नव्या कुटुंबाच्या हाती सुरुवातीला २०,००० ‘सिमोलिऑन’ हे काल्पनिक चलन असते. त्यात घर बांधायचे, सामान घ्यायचे आणि नोकरी शोधायची.

आगीतून उभा राहिलेला खेळ

या मालिकेचे जनक विल राइट. ‘सिमसिटी’ (१९८९) या नगररचनेच्या खेळामुळे त्यांचे नाव झाले होते. १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड परिसरात लागलेल्या भीषण वणव्यात त्यांचे घर भस्मसात झाले. संसार पुन्हा उभा करताना माणसाला नेमके काय लागते, कोणती वस्तू आधी घ्यावीशी वाटते, याचा विचार त्यांच्या मनात सुरू झाला आणि खेळाचे बीज तेथे पडले. २००५ आणि २०१९ च्या महापुरांनंतर चिखलातून घर सावरलेल्या सांगलीकरांना हा विचार परका वाटू नये.

राइट यांच्या ‘मॅक्सिस’ कंपनीतील वरिष्ठांना ‘बाहुलीघरा’ची ही कल्पना प्रथम रुचली नव्हती. १९९७ मध्ये ‘इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌स’ने मॅक्सिस विकत घेतल्यानंतर तिला बळ मिळाले. वास्तुरचनाकार ख्रिस्तोफर अलेक्झांडर यांचे घरबांधणीविषयीचे लेखन आणि मानसशास्त्रज्ञ अब्राहम मॅस्लो यांची मानवी गरजांची मांडणी, या दोहोंचा प्रभाव खेळावर स्पष्ट दिसतो.

क्रमवारी लावताना तीन कसोट्या धरल्या आहेत. पहिल्या खरेदीत खेळ कितपत पूर्ण मिळतो, आयुष्याचे चित्रण किती खोल आहे आणि तो आज साध्या घरगुती संगणकावर खेळता येतो का. खालून वर अशी ही यादी आहे.

८. द सिम्स ऑनलाइन (२००२)

अनेकांनी एकाच वेळी इंटरनेटवरून खेळावे, अशी ही योजना होती. महिना सुमारे १० डॉलर वर्गणी भरूनही खेळाडूंना करण्यासारखे फारसे नव्हते. पुढे तिचे नाव ‘ईए-लँड’ झाले आणि १ ऑगस्ट २००८ रोजी ती बंद पडली. खेळाडूंनी वर्षानुवर्षे सजवलेली घरे त्या दिवशी नाहीशी झाली. कंपनीच्या संगणकावर बांधलेले घर आपले नसते, हा धडा तेव्हाच मिळाला.

७. मोबाइलवरील सिम्स

‘फ्रीप्ले’ (२०११) आणि ‘द सिम्स मोबाइल’ (२०१८) हे दोन्ही खेळ फुकट उतरवून घेता येत, ही त्यांची जमेची बाजू. तथापि ‘फ्रीप्ले’मध्ये पात्राच्या एकेका कामाला खऱ्या घड्याळाचे तास लागतात. प्रतीक्षा टाळायची तर पैसे मोजण्याचा मोह समोर असतो. मुलांच्या हाती फोन देणाऱ्या पालकांनी ही बाब विशेष ध्यानात ठेवावी. ‘द सिम्स मोबाइल’ बंद करण्याचे कंपनीने २०२५ मध्ये जाहीर केले.

६. सिम्स स्टोरीज (२००७-०८)

‘लाइफ स्टोरीज’, ‘पेट स्टोरीज’ आणि ‘कास्टअवे स्टोरीज’ हे तीन खेळ कमी ताकदीच्या लॅपटॉपसाठी काढले होते. त्यांत ठरलेली कथा आहे. नवख्याला ती बोट धरून नेते. पण कथा संपली की कुतूहलही ओसरते.

५. द सिम्स मेडिव्हल (२०११)

मध्ययुगीन राज्याचा हा खेळ मालिकेतील सर्वांत वेगळा. राजा, वैद्य, लोहार अशी पात्रे निवडून मोहिमा पार पाडायच्या असतात. कल्पना ताजी होती, परंतु घर बांधण्याचे स्वातंत्र्य त्यात उरले नाही. ज्यासाठी लोक या मालिकेकडे वळतात, तीच गोष्ट येथे गळाली.

४. द सिम्स ४ (२०१४)

लोकप्रियतेच्या निकषावर हा खेळ कदाचित पहिला येईल. २०२३ पर्यंत ७ कोटींहून अधिक लोकांनी तो खेळला होता. पात्रांच्या मनःस्थितीचे चित्रण, घर बांधण्याची सोपी पद्धत आणि साध्या संगणकावर चालण्याची क्षमता हे त्याचे गुण होत. मुंबईच्या फॅशन स्ट्रीटवरून बेतलेला कपड्यांचा छोटा पॅकही २०२१ मध्ये त्यासाठी आला.

तरीही तो चौथा का? सप्टेंबर २०१४ मध्ये खेळ बाजारात आला तेव्हा त्यात पोहण्याचा तलाव नव्हता आणि रांगती-चालती मुलेही नव्हती. तलाव दोन महिन्यांनी आला. मुलांसाठी जानेवारी २०१७ उजाडावे लागले आणि तान्ह्या बाळांना खरे स्थान मिळाले ते २०२३ मध्ये. मूळ खेळ १८ ऑक्टोबर २०२२ पासून मोफत आहे; पण ऋतू, पाळीव प्राणी, महाविद्यालय यांसाठी स्वतंत्र पॅक विकत घ्यावे लागतात. सर्व पॅक मूळ किमतीने घेतल्यास खर्च एक हजार अमेरिकी डॉलरच्या पुढे जातो. दार फुकट आणि आतल्या प्रत्येक खोलीला भाडे, असा हा व्यवहार आहे.

३. द सिम्स (२०००)

मूळ पुरुषाचा मान याचा. भूक, झोप, स्वच्छता, करमणूक, सहवास अशा आठ गरजांच्या पट्ट्या आणि ‘सिमलिश’ ही कोणालाच न कळणारी भाषा. त्या भाषेला शब्दार्थ नसल्याने कुठल्याही देशातल्या खेळाडूला ती सारखीच जवळची झाली. २००२ मध्ये ‘मिस्ट’ला मागे टाकून हा जगातील सर्वाधिक खपाचा संगणकीय खेळ ठरला. एरवी अशा खेळांकडे न वळणाऱ्या स्त्रिया मोठ्या संख्येने त्याकडे वळल्या. त्याला सात एक्स्पान्शन पॅक निघाले.

मर्यादा एकच, पण मोठी. येथे काळ थांबलेला आहे. मूल कायम मूल राहते आणि मोठी माणसे म्हातारी होत नाहीत. पैसा साठतो, घर वाढते. आयुष्य मात्र पुढे सरकत नाही.

२. द सिम्स ३ (२००९)

पहिल्या दोन खेळांत प्रत्येक घर म्हणजे एक बेट होते. शेजारी जायचे तर पडदा काळा होऊन वाट पाहावी लागे. तिसऱ्या खेळाने ही कुंपणे पाडली. कुपवाडच्या घरातून निघून थेट मिरजेच्या स्टेशनापर्यंत कोठेही न अडखळता जावे, तसे सारे गाव खुले झाले. खेळाडूचे लक्ष नसतानाही शेजाऱ्यांची लग्ने होतात, बदल्या होतात. सोफ्यापासून सदऱ्यापर्यंत प्रत्येक वस्तूचा रंग आणि पोत बदलण्याची सोयही याच खेळात होती. पहिल्या आठवड्यातच १४ लाख प्रती खपल्या.

या मोकळीकीचे ओझे संगणकावर पडले. अकरा एक्स्पान्शन पॅक घातल्यावर खेळ रेंगाळू लागतो, मध्येच बंद पडतो. विंडोजवरील आवृत्ती ३२ बिटची असल्याने नव्या संगणकाची जादा मेमरीही तिला वापरता येत नाही. पहिला क्रमांक हुकला तो यामुळे.

१. द सिम्स २ (२००४)

१४ सप्टेंबर २००४ रोजी आलेल्या या खेळाने मालिकेला काळ दिला. बाळ, रांगते मूल, शाळकरी वय, किशोरवय, प्रौढत्व आणि वार्धक्य असे सहा टप्पे आले. आईचे डोळे, वडिलांचे नाक मुलात उतरू लागले. पात्रांना इच्छा आणि भीती मिळाली. घडलेल्या गोष्टींच्या आठवणी त्यांच्यासोबत राहू लागल्या. पहिल्या खेळातील बेला गॉथ ही गृहिणी येथे अचानक बेपत्ता असते आणि तिचे कुटुंब तिच्यावाचून दिवस काढत असते. तिच्या शोधात खेळाडूंनी वर्षे घालवली.

पहिल्या १० दिवसांत १० लाख प्रती विकल्या गेल्या. पुढे आलेल्या आठ एक्स्पान्शन पॅकनी खेळ वाढवला, तरी मूळ खेळ त्यांच्यावाचून अपुरा नव्हता. चौथ्या खेळाशी तुलना करता हा फरक ठळकपणे जाणवतो. जुन्या सीड्या नव्या संगणकावर चालेनाशा झाल्याने बरीच वर्षे तो दुर्मिळ होता. ३१ जानेवारी २०२५ रोजी कंपनीने पहिला आणि दुसरा असे दोन्ही खेळ, बहुतेक सर्व पॅकसह, ‘लेगसी कलेक्शन’ म्हणून पुन्हा विक्रीस आणले आणि ती अडचण दूर झाली.

कोणी काय घ्यावे?

घरातील मुलाने हट्ट धरला असेल तर चौथ्या खेळाचा मोफत भाग आधी उतरवून घ्यावा. महिनाभर त्यात मन रमते का ते पाहावे आणि मगच पॅकचा विचार करावा. पालकांच्या कार्डाचा तपशील संगणकात साठवून ठेवू नये. रमलेल्या खेळाडूला एकदाच पैसे देऊन पुरा संसार हवा असेल, तर दुसऱ्या खेळाचे ‘लेगसी कलेक्शन’ सरस. इतरांच्या जुन्या प्रतींवरून केलेली बेकायदा प्रत मात्र टाळावी. अशा प्रतींतून व्हायरस येण्याचा धोका असतो.

भातुकलीत आईने हाक मारली की बोळकी आवरून ठेवावी लागत. पडद्यावरच्या संसाराला तशी हाक नाही. ती घरच्या मोठ्यांनीच मारायची आहे.