घाटाच्या उंचीचा हिशोब

इगतपुरीचा इतिहास सहसा रेल्वेपासून सुरू होतो. १८६५ मध्ये थळ घाटातून गाडी वर आली आणि एका लहानशा वस्तीचे रेल्वेगाव झाले. पण याच इतिहासाकडे ऊर्जेच्या अंगाने पाहिले, तर आजच्या सरकारी धोरणांविषयीही बरेच काही कळते.

कसारा ते इगतपुरी हा चढ ३७ फुटांना एक फूट असा आहे. वाफेच्या काळात तो चढायला जादा इंजिने लावावी लागत आणि कोळसा भरमसाट जळे. म्हणून जीआयपी रेल्वेने १९३० पर्यंत हा घाट विजेवर आणला. घाटातला धूर कमी झाला, पण ती वीज ठाकुर्लीजवळच्या चोळा पॉवर हाऊसमध्ये कोळसा जाळूनच तयार होत होती. धुराची फक्त जागा बदलली. वीज ‘स्वच्छ’ आहे असे कोणी सांगितले की ती कुठून येते, हे आधी विचारावे. हा धडा शंभर वर्षांपूर्वीचा आहे.

दुसरा टप्पा पाण्याचा. याच तालुक्यात दारणा धरण १९१६ च्या सुमारास झाले, ते खालच्या गोदावरी कालव्यांसाठी. १९७० च्या दशकात ऊर्ध्व वैतरणा प्रकल्प उभा राहिला. तिथले पाणी घाट उतरताना ६० मेगावॅट वीज देते आणि पुढे मोडकसागरमार्गे मुंबईच्या नळांना जाते. कोळशाचा कणही न जाळता वीज, वर महानगराची तहान भागते. प्रकल्प म्हणून हे उत्तमच. पण जमिनी बुडाल्या त्या इथल्या शेतकऱ्यांच्या, त्यांतले कितीतरी आदिवासी. आणि एवढा पाऊस पडणाऱ्या या तालुक्यातल्या काही वाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते.

तिसरा टप्पा सवलतींचा. अपारंपरिक ऊर्जेसाठी राज्याने १९८५ मध्ये ‘महाऊर्जा’ ही संस्था स्थापन केली. नव्वदच्या दशकाच्या शेवटी पवनचक्क्यांना विक्रीकरात सूट मिळू लागली, आणि केंद्राची घसाऱ्याची सवलत होतीच. साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर पाहता पाहता पवनचक्क्यांचे रान उभे राहिले. वाऱ्यावर वीज होऊ शकते हे लोकांना दिसले, हा मोठाच फायदा. पण सवलत गुंतवणुकीवर होती, प्रत्यक्ष वीजनिर्मितीवर नव्हती. त्यामुळे चक्की किती फिरते यापेक्षा कर किती वाचतो, याकडे अनेकांचे लक्ष राहिले. सरकार ज्या गोष्टीला पैसा देते, तीच गोष्ट वाढते.

२०२० च्या धोरणात राज्याने २०२५ पर्यंत १७,३६० मेगावॅटचे लक्ष्य ठेवले. त्यात मोठा वाटा सौरऊर्जेचा. पण सूर्य संध्याकाळी मावळतो आणि विजेची मागणी तेव्हाच चढते. म्हणून आता साठवणुकीला महत्त्व आले. दुपारची स्वस्त वीज वापरून पाणी वरच्या तलावात चढवायचे आणि रात्री ते सोडून वीज करायची. चढवायला लागते त्यापेक्षा कमी वीज परत मिळते, पण नेमक्या गरजेच्या वेळी मिळते. इगतपुरीच्या दक्षिणेला घाटघरला २५० मेगावॅटचा असा प्रकल्प जपानी कर्जातून उभा राहून २००८ पासून चालू आहे. डिसेंबर २०२३ मध्ये राज्याने अशा प्रकल्पांसाठी वेगळे धोरण आणले. इगतपुरी तालुक्यातल्या भावलीला १,५०० मेगावॅटचा खासगी प्रकल्प ठरला आहे. त्याच भावली धरणाच्या पाण्यावर शहापूरच्या तहानलेल्या गावांसाठी नळयोजनाही आखलेली आहे.

म्हणजे जी उंची रेल्वेला अडचण होती, तीच आज संपत्ती ठरते आहे. प्रश्न एवढाच, की ही संपत्ती कोणाची?

इस्लामी परंपरेत पाणी, चारा आणि आग या तीन गोष्टींत सर्व माणसे भागीदार मानली आहेत. हदीसमधला हा विचार फकीहांनी शतकानुशतके चर्चिला. मेहनत आणि भांडवल लावणाऱ्याला मोबदला मिळावा हे त्यांना मान्य होते, पण मूळ स्रोतावरून शेजाऱ्याला हाकलणे मान्य नव्हते. घाटातला जलविद्युत प्रकल्प तर पाणी आणि ‘आग’ दोन्ही एकत्र आणतो.

हे केवळ आदर्शवादी बोलणे नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये भाडे आणि ग्रामपंचायतीला तीन वर्षे दरसाल ५ लाख रुपये ठरले. म्हणजे गावाचा वाटा आकड्यात लिहिता येतो. मग घाटातल्या प्रत्येक साठवण प्रकल्पाच्या करारातही तो लिहावा. आधी पिण्याचे पाणी, मग पंप, हा क्रमही त्यात असावा.

कार्बन कमी करणे गरजेचेच आहे. हवामान बिघडले तर पहिला फटका डोंगरातल्या भातशेतीलाच बसणार. पण वैतरणेच्या वेळी राहून गेलेला हिशोब भावलीच्या वेळी तरी पाणी चढवण्याआधी मांडला पाहिजे.