तुंबडी आणि उंदीर

ऑक्सफर्ड, 1670 नंतरची काही वर्षं. हाय स्ट्रीटवर उतरलात की आधी नाकात जाते ती घोड्यांची लीद, मग लाकडाचा धूर, आणि ऑल सोल्स कॉलेजाजवळ आलात की कॉफी. टिलयार्ड नावाच्या औषधविक्याने ती इथे 1655 पासूनच विकायला घेतली होती. प्यायला थांबू नका, आत चला.

जॉन मेयो तिशीतला आहे. याची डॉक्टरकी कागदोपत्री कायद्याची. पण उन्हाळ्यात बाथच्या गरम झऱ्यांवर येणारे रोगी तपासतो तोही हाच. मुडदुसावरचा आणि श्वासावरचा असे याचे दोन निबंध 1668 सालीच छापून झालेत. आज मात्र त्याच्यापुढे रोगी नाही, उंदीर आहे.

एका भांड्याच्या तोंडावर त्याने ओलं मूत्राशय ताणून बसवलंय, डफाला कातडं ताणावं तसं. त्यावर उंदीर ठेवून वर छोटं काचेचं भांडं पालथं घातलं आणि कडा दाबून धरल्या. तुम्ही वाकून बघा. उंदीर आधी भिरभिरतो, मग बसतो, मग त्याच्या बरगड्या भराभर हलू लागतात. आणि त्याच्या पायाखालचं कातडं हळूहळू फुगून काचेत वर येतं! मेयो काच उचलतो, तर खालचं भांडंही तिला चिकटून वर येतं. आपल्याकडे तुंबडी लावलेली ज्याने पाहिली असेल त्याला हे सांगायला नको. फरक एवढाच, तुंबडीत जाळ असतो, इथे नुसता श्वास.

इथेच त्याच्या डोक्यात ठिणगी पडते. जाळ आणि श्वास हवेतलं तेच काहीतरी खातात. पाण्यावर काच पालथी घालून तो मोजतो: उंदराच्या श्वासाने हवा सुमारे चौदाव्या हिश्शाने घटते. (सोडलेला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो हे त्याला कुठून ठाऊक असणार?) मग उंदीर आणि दिवा एकाच काचेत. दिवा आधी विझतो. एकटा असता तर उंदीर जितका जगला असता, त्याच्या निम्म्याहून थोडाच अधिक काळ तो जगतो.

हवेतल्या त्या भागाला मेयो सोऱ्यावरून नाव देतो, कारण सोरा मिसळलेली बंदुकीची दारू हवेशिवायही जळते. 1674 च्या लॅटिन ग्रंथात हे सगळं आहे. पुढे हवेतल्या याच भागावर तो विजा, ताप, जे दिसेल ते लादतो. तिथे त्याचं ऐकू नका. शिवाय वाट एकट्याची नव्हे. हवा आणि श्वासावर काम करणारे बॉईल, हूक, लोअर याच गावातून पुढे गेले. पण त्याची मूळ गोष्ट पक्की होती. हवेतल्या त्याच भागाला फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिएने नंतर दिलेल्या ‘ऑक्सिजन’ या नावाचा अर्थ ‘आम्ल करणारा’, आणि तो चुकलेला. आपला ‘प्राणवायू’ मेयोला अधिक पटला असता.

हूकच्या शिफारशीने तो 1678 मध्ये रॉयल सोसायटीत गेला आणि पुढच्याच सप्टेंबरात लंडनमध्ये वारला, चाळिशीही न गाठता. ग्रंथानंतर बरोबर 100 वर्षांनी रसायनशास्त्रज्ञ प्रिस्टलीने हा प्राणवायू वेगळा काढला, आणि पुढच्या वर्षी त्यात उंदीर ठेवून पाहिला. तो उंदीर जगला.