रंध्याचे पाते आणि मालकाचा हक्क

‘लिलाव’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांच्या भाषेतून आला. गोमंतकातील देवळांत उत्सवानंतर देवापुढे ठेवलेल्या फळांची व जिन्नसांची जी ‘पावणी’ होते, तीही लिलावच. भाव मात्र तेथे भक्तीचा. दोहोंतील न्याय एकच आहे. अखेरची बोली झाली, हातोडा पडला, की वस्तू बोली बोलणाऱ्याची. १९३० च्या मालविक्री कायद्याचे ६४ वे कलमही हेच सांगते. विक्री पुरी झाल्याचे हातोड्याने अथवा अन्य रूढ रीतीने जाहीर होईपर्यंत बोली मागे घेता येते, त्यानंतर नाही.

पण वस्तू ‘आपली झाली’ म्हणजे नेमके काय झाले? समजा, बंद पडलेल्या एखाद्या लाकडाच्या कारखान्यातील जुने रंधायंत्र कोणी लिलावात घेतले. बिडाचा सांगाडा शाबूत आहे. पण पाती झिजलेली, बेअरिंगे खिळखिळी, पट्टा कुजलेला. ते पुन्हा चालते करावयाचे तर नवे भाग घालणे आले. हे नवे किती घालावे? आणि यंत्र घडविण्याचा एकाधिकार दुसऱ्याकडे असेल, तर ‘तू यंत्र घेतलेस, ते नव्याने घडविण्याचा हक्क नव्हे,’ असे त्याला म्हणता येईल काय? हा वाद आज ट्रॅक्टर आणि टेलिफोन यांच्या दुरुस्तीवरून जगभर चालला आहे. परंतु त्याचा पायाभूत निवाडा झाला तो एका रंधायंत्रावरून, हे आमच्या वकीलबंधूंपैकीही थोड्यांनाच ठाऊक असेल.

हाताच्या रंध्याने एक फळी साफ करणे हे किती कष्टाचे काम, हे ज्याने सुताराला घामाघूम झालेले पाहिले आहे त्याला सांगावयास नको. हे काम यंत्राकडून करवून घेण्याची खटपट इंग्लंडमध्ये सॅम्युएल बेंथम याने १७९० च्या दशकात आणि जोसेफ ब्रामा याने १८०२ मध्ये केली होती. अमेरिकेत विल्यम वुडवर्थ याला २७ डिसेंबर १८२८ रोजी रंधायंत्राचे पेटंट मिळाले. फिरत्या दंडगोलावर पाती बसवली की ती फळी कापतात खरी, पण तिला उचलून थरथरवितातही. वुडवर्थने पात्यांच्या जोडीला फळी दाबून धरणारे रूळ योजिले. फिरती पाती व दाबणारे रूळ यांच्या या संयोगावरच त्याचा हक्क उभा होता.

पेटंटची मुदत चौदा वर्षांची. वुडवर्थ १८३९ मध्ये वारला. तथापि १८४२ मध्ये त्याच्या मुलाला, मृताच्या इस्टेटीचा व्यवस्थापक या नात्याने, सात वर्षांची वाढ मिळाली. १८४५ मध्ये काँग्रेसने खास कायदा करून आणखी सात वर्षे दिली. अशा रीतीने हा एकाधिकार १८५६ च्या अखेरपर्यंत, म्हणजे तब्बल अठ्ठावीस वर्षे, टिकला. निरनिराळ्या प्रदेशांपुरते हक्क निरनिराळ्या लोकांना विकले गेले होते. हक्क विकत घेणारे एकीकडे, यंत्र विकत घेणारे दुसरीकडे, आणि मध्ये आमचा वकीलवर्ग, असा देखावा कित्येक वर्षे चालू राहिला.

पहिल्या मुदतीत यंत्र घेणाऱ्याला वाढीव मुदतीतही ते वापरता येईल, हे १८४६ च्या विल्सन विरुद्ध रूसो या खटल्यात ठरले. तेव्हा हक्कदारांनी दुसरी वाट शोधली. पाती साठ ते नव्वद दिवसांत निकामी होतात. मालक नवी घालतो. पात्यांवाचून हे यंत्र कसले? पाती हा पेटंट केलेल्या संयोगाचाच घटक. तो नाहीसा झाला म्हणजे संयोग मोडला, आणि नवा घातला म्हणजे यंत्र पुन्हा घडविले. घडविण्याचा हक्क तर आमचा! हा युक्तिवाद पोकळ नव्हता. तो मान्य झाला असता, तर यंत्र विकत घेणारा दर तीन महिन्यांनी हक्कदाराच्या दारात उभा राहिला असता.

१८५० मध्ये विल्सन विरुद्ध सिम्प्सन या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. निकाल न्यायमूर्ती वेन यांनी लिहिला. त्याचे सार असे: यंत्र अनेक वर्षे टिकावे, पाती मात्र वारंवार बदलावीत, अशीच या यंत्राची योजना आहे. जो भाग झिजण्यासाठीच घातला, तो बदलणे म्हणजे यंत्र नव्याने करणे नव्हे. ते वापरण्याचाच तो भाग. उलट सबंध यंत्रच नष्ट झाले, तर मात्र त्याच्या जागी दुसरे उभारण्याचा हक्क मालकाला नाही. पुढे १८५२ च्या सत्रात, याच पेटंटवरील ब्लूमर विरुद्ध मॅक्युअन या खटल्यात, सरन्यायाधीश टॉनी यांनी तत्त्व आणखी स्पष्ट केले: वापरण्यासाठी यंत्र विकत घेणाऱ्याच्या हाती ते आले की, ते एकाधिकाराच्या कक्षेबाहेर जाते.

मर्यादेची दुसरी बाजू १८८२ मध्ये दिसली. कापसाच्या गाठींना आवळणाऱ्या लोखंडी पट्ट्या गिरणीत तोडल्या जात आणि भंगारात विकल्या जात. काहींनी ते भंगार घेऊन तुकडे सरळ केले, रिबिटांनी जोडले, आणि जुन्या बकलांसह पुन्हा विकावयास काढले. न्यायालय म्हणाले, ही दुरुस्ती नव्हे, पुनर्निर्मिती होय. तोडली तेव्हाच पट्टी संपली. १९६१ मध्ये मोटारीच्या कापडी छताचा प्रश्न आला. फाटलेले कापड बदलणे ही दुरुस्तीच, असे ठरविताना न्यायालयाने शंभर वर्षांपूर्वीच्या रंधायंत्राचाच आधार घेतला.

कायद्याने आखलेली ही रेषा जुने यंत्र जुळविणाऱ्या कारागिराच्या हातीही असते. शाफ्टचे बेअरिंग घ्या. आयझॅक बॅबिट याच्या नावाने ओळखला जाणारा, १८३९ च्या पेटंटमधला मऊ धातू कथील, तांबे व अँटिमनी यांचा असतो. शाफ्टाऐवजी आपण झिजावे, हाच त्याचा धर्म. झिजलेला धातू काढून टाकतात, शाफ्टावर काजळी धरतात म्हणजे नवा त्याला चिकटत नाही, कडा चिकणमातीने बंद करतात, आणि वितळलेला धातू शाफ्टाभोवतीच ओततात. मग निळा रंग लावून उंचवटे शोधतात व ते हलकेच खरवडतात. पाती, पट्टा, बॅबिट हे सारे असे बदलण्यासाठीच असते. बिडाचा सांगाडा तसा नव्हे. त्याला तडा असेल तर सांधणे दुर्घट; म्हणून बोली बोलण्यापूर्वी पाहावयाचे ते सांगाड्याकडे आणि मेजाच्या सपाटीकडे, गंजाकडे नव्हे. गंज रॉकेलने व घासण्याने निघतो. मालाच्या गुणवत्तेची हमी कायदा सहसा देत नाही. ग्राहकाने स्वतः पाहावे, असे त्याच कायद्याचे १६ वे कलम सांगते.

एका बाबतीत मात्र जुन्याशी निष्ठा नको. हाताने फळी सरकविण्याच्या जुन्या यंत्रांचे चौकोनी पातेधारक हात आत ओढून घेत, आणि त्यांनी असंख्य बोटे खाल्ली. विसाव्या शतकात गोल धारक आले ते यासाठीच. तो दोष जपणे ही परंपरेची सेवा नव्हे.

आमच्या वाचकांस जीर्णोद्धार नवा नाही. देवळाचे छप्पर उतरते, खांब बदलतात. तत्पूर्वी देवत्व कलशात उतरवितात, म्हणून काम चालू असताही देव देवच राहतो. पुरीच्या जगन्नाथाचे तर नवकलेवर होते. अधिक आषाढ येणाऱ्या ठरावीक वर्षी, जसे १९९६ व २०१५ मध्ये, कडुनिंबाच्या नव्या मूर्ती घडवून जुन्यांतील ब्रह्मपदार्थ त्यांत ठेवला जातो. सारे काष्ठ बदलले तरी जगन्नाथ तोच, कारण तेथे ओळख तत्त्वाची आहे. यंत्रात असे तत्त्व कोणी काढून ठेवू शकत नाही. त्याची ओळख देहाचीच. म्हणून सर्व भाग नवे घालून जुन्या नावाची पाटी तेवढी वर ठोकली, तर तो उद्धार होत नाही.

यंत्र विकणाऱ्याने पाते बदलण्याचा हक्क स्वतःकडे ठेवला, तर त्याने काही विकलेच नाही; आणि घेणाऱ्याने देहच टाकून दिला, तर त्याच्यापाशी काही उरलेच नाही. १८५० च्या निवाड्याने पहिली गोष्ट मालकाला मिळवून दिली. दुसरी सांभाळणे मात्र त्याच्याच हाती आहे.