नऊशे चौसष्ट

शेवट आधीच सांगतो. 5 ऑक्टोबर 2023, गुरुवार, शिकागो. मिशिगन सरोवराच्या काठावर मॅककॉर्मिक प्लेस नावाचे प्रदर्शन-संकुल आहे. त्यातल्या लेकसाइड सेंटर या काचेच्या इमारतीच्या पायाशी त्या सकाळी 964 मेलेले पक्षी मिळाले. एरवी तिथे एका सकाळी शून्य ते पंधरा मिळत.

पुढे त्या रात्रीचा घटनाक्रम आहे. मात्र त्याची सुरुवात पंचेचाळीस वर्षे आधी होते.

1978

फील्ड म्युझियममध्ये पक्ष्यांच्या संग्रहाचे काम पाहणाऱ्या डेव्हिड विलार्ड यांच्या कानावर येते की सरोवराकाठच्या त्या इमारतीवर पक्षी आपटतात. इमारत म्युझियमपासून दीडेक किलोमीटरवर आहे. ते सकाळी चालत जाऊन बघतात. भिंतीच्या कडेला एक-दोन पक्षी पडलेले असतात. ते उचलून आणतात.

पुढे वसंतात आणि शरदात, स्थलांतराच्या दिवसांत, तिकडे फेरी मारायचा त्यांचा नेमच होतो. निवृत्तीनंतरही तो मोडत नाही. उचललेला प्रत्येक पक्षी टेबलावर येतो. वजन, चोच, मिटलेला पंख, पायाचे हाड, सगळ्याची मापे घेतली जातात आणि हाताने वहीत उतरवली जातात. ही सगळी मापे एकच माणूस घेतो.

1995

शहरात ‘लाइट्स आउट शिकागो’ सुरू होते. स्थलांतराच्या काळात उंच इमारतींनी शोभेचे दिवे रात्री 11 नंतर मालवावेत, एवढीच विनंती. सक्ती नाही. मोठमोठे मनोरे सामील होतात. पुढे मॅककॉर्मिक प्लेसही सामील होते. त्यांच्यापुरता नियम असा: आत कर्मचारी, आयोजक किंवा पाहुणे असतील तर दिवे चालू, नसतील तर बंद.

हा नियम लक्षात ठेवा. आत माणूस आहे का, एवढेच तो विचारतो.

डिसेंबर 2019

विलार्ड यांच्या वह्यांवर आधारलेला शोधनिबंध प्रसिद्ध होतो. 1978 ते 2016 या काळात शिकागोत काचांवर आपटून मेलेले 70,716 पक्षी, 52 जाती. निष्कर्ष: पायाचे हाड 2.4 टक्क्यांनी आखूड झाले, पंख 1.3 टक्क्यांनी लांबले. तापत्या हवामानात पक्षी आकाराने लहान होत आहेत. जगभरातल्या वर्तमानपत्रांत बातम्या येतात. इतके पक्षी मुळात मोजायला मिळाले कसे, हा प्रश्न बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात उरतो.

2 ऑक्टोबर 2020

फिलाडेल्फिया. ढग खाली उतरलेले, पाऊस, भरतीला आलेले स्थलांतर आणि उजळलेले शहर. मध्यवर्ती भागात साडेतीन चौकांच्या टापूत एका दिवसात 1,000 ते 1,500 पक्षी मेल्याचा अंदाज. पुढच्या वसंतात ते शहर दिवे मालवण्याची मोहीम सुरू करते.

जून 2021

दुसरा शोधनिबंध, आणि हा थेट मॅककॉर्मिक प्लेसबद्दल. म्युझियमची माणसे रोज पहाटे पक्षी उचलत, तशी कोणत्या खिडक्यांत उजेड आहे याचीही नोंद ठेवत. अशा दोन दशकांच्या नोंदी बेंजामिन व्हॅन डोरेन आणि सहकाऱ्यांनी रडारच्या माहितीशी ताडून पाहिल्या. आकाशात किती पक्षी आहेत, वारा कुठून आहे आणि किती खिडक्या उजळलेल्या आहेत, या तीन गोष्टींवर मरणाऱ्यांचा आकडा ठरतो. त्यांपैकी तिसरी गोष्ट माणसाच्या हातातली आहे. उजळलेल्या खिडक्या निम्म्या केल्या तर टकरी वसंतात अकरा पटींनी आणि शरदात सहा पटींनी कमी होतात, असे हिशेब सांगतो. उजेड कमीत कमी ठेवला तर एकूण मृत्यू सुमारे 60 टक्क्यांनी घटतील.

एखाद्या इमारतीबद्दल याहून नेमका इशारा कोणी देऊ शकेल, असे मला वाटत नाही. ज्यांनी मेलेले पक्षी वाकून उचलले, त्यांच्याच नोंदींतून तो आला होता. दिवा मालवा, नाहीतर पडदा ओढा.

सप्टेंबर 2023

महिनाभर वारा दक्षिणेकडून. हवा नेहमीपेक्षा उबदार. कॅनडातल्या आणि अमेरिकेच्या उत्तरेकडच्या जंगलांत पक्षी अडकून पडतात. समोरून वारा असताना दहा ग्रॅमच्या जिवाने रात्रभर उडणे म्हणजे अंगावरची चरबी फुकट जाळणे. ते दिवसा खातात, रात्री थांबतात. उत्तरेचा वारा सुटायची वाट बघतात.

बुधवार, 4 ऑक्टोबर 2023, दुपार

उत्तरेकडून थंड हवेची आघाडी खाली सरकत आहे. संध्याकाळी वारा फिरणार, हे हवामानाच्या नकाशात स्पष्ट आहे. पक्ष्यांच्या स्थलांतराचाही असा अंदाज असतो. कॉर्नेल विद्यापीठातून चालणारा ‘बर्डकास्ट’ हा प्रकल्प 2018 पासून पुढच्या तीन रात्रींचा अंदाज देतो. तो कोणालाही बघता येतो.

लेकसाइड सेंटरमध्ये आठवडाभर एक कार्यक्रम चालू आहे.

सायं. 6:27

सूर्यास्त.

सायं. 7 च्या सुमारास

अंधार पडल्यावर अर्ध्या-पाऊण तासात छोटे पक्षी उठतात. रात्री हवा स्थिर असते, ससाणे झोपलेले असतात. आज पाठीवर वारा आहे. महिनाभर खोळंबलेले सगळे एकाच संध्याकाळी निघतात.

त्यांतला एक जवळून पाहू. पाम वॉर्बलर. आपल्याकडच्या वटवट्याएवढा, पाठ तपकिरी, शेपटीखाली पिवळा, फांदीवर बसला की शेपटी सतत खालीवर हलवणारा. वजन दहा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दोन चमचे साखर. त्याचे घर उत्तरेच्या दलदलींत, हिवाळ्याचा मुक्काम फ्लोरिडा, मेक्सिकोच्या आखाताचा काठ नाहीतर कॅरिबियन बेटे. रस्ता त्याला कोणी दाखवत नाही. तारे, पृथ्वीचे चुंबकत्व आणि मावळत्या सूर्याची दिशा, एवढ्यावर तो निघतो.

रात्री 10

सूर्यास्तानंतर तीन-चार तासांनी आकाश सर्वांत भरलेले असते. रोमिओव्हिलचे हवामान-रडार शिकागोच्या आकाशावर नजर ठेवून असते. पाऊस टिपायला बांधलेल्या यंत्राला पक्षीही दिसतात. या एका रात्रीत शिकागो ज्यात येते त्या कुक काउंटीवरून सुमारे 15 लाख पक्षी गेल्याचा अंदाज पुढे येतो.

खाली शहराची वस्ती 27 लाखांच्या आसपास आहे. डोक्यावरून काय चालले आहे, हे त्यांतल्या थोड्यांनाच ठाऊक आहे. खिडकी उघडून शांत उभे राहिले तर ऐकू येते: उंचावरून येणारे ‘त्सिप्, त्सिप्’ असे बारीक आवाज. अंधारात एकमेकांना धरून राहण्यासाठी पक्षी असे आवाज देतात. उजेडात गोंधळले की ते जास्त आवाज देतात आणि ते ऐकून आणखी पक्षी उजेडाकडे येतात. असे आवाज देणाऱ्या जाती काचांवर जास्त मरतात, हेही याच इमारतीच्या नोंदींवरून सिद्ध झालेले आहे.

रात्री 11

विनंतीची वेळ. सामील झालेल्या मनोऱ्यांच्या माथ्यावरचे दिवे मालवले जातात.

लेकसाइड सेंटर मनोरा नाही. बसकी, पसरट, काळ्या पोलादाची इमारत आहे, 1971 साली उघडलेली. तिच्या भिंती जमिनीपासून छतापर्यंत काचेच्या आहेत आणि एका बाजूला थेट पाणी. सरोवरावरून येणाऱ्याला किनाऱ्यावर आधी तीच भेटते. आतला उजेड बाहेरून शोभेचा दिसत नाही, म्हणून मनोऱ्यांच्या माथ्याकडे पाहणारी नजर तिच्याकडे वळत नाही. केंद्राच्या प्रवक्त्यांनी पुढे सांगितले ते असे: आठवडाभर कार्यक्रम होता, माणसे असताना दिवे चालू होते, नसताना बंद होते. म्हणजे नियम पाळला गेला.

मध्यरात्र

भारतात सकाळचे साडेदहा. पितृपक्ष चालू आहे. गच्चीवर, अंगणात पान मांडून लोक कावळ्याची वाट बघत उभे आहेत.

शिकागोवर पक्षी दक्षिणेला सरकत आहेत. उजवीकडे शहर, डावीकडे सुमारे 500 किलोमीटर लांबीचे सरोवर. हा किनारा हाच त्यांचा राजमार्ग. त्यावर शहर नंतर वसले.

पहाटे 3

काही वेगळे घडत नाही. आठ तास उडालेला पक्षी आता पोटाखालची चरबी संपवत आणतो. उजाडले की झाडी बघून उतरायचे, दिवसभर किडे खायचे, संध्याकाळी पुन्हा निघायचे. वर्षातून दोनदा, आयुष्यभर.

पहाटे 5 नंतर

पूर्वेला पहिला अंधूक फटफटीत रंग. उजाडण्याआधीच पाऊस येतो.

चांगल्या हवेत हे पक्षी काही शे मीटर उंचीवरून जातात. तेवढ्या उंचीवर काच नसते. पाऊस आणि खाली आलेले ढग त्यांना दाबत खाली आणतात. तारे दिसेनासे होतात. ओली हवा शहराचा उजेड पसरवते आणि सगळे आकाश सारखेच उजळ दिसते. जे पक्षी पाण्यावर आहेत त्यांना आता जमीन हवी आहे. पहाटे सरोवरावरचे पक्षी नेहमीच किनाऱ्याकडे वळतात.

किनाऱ्यावर काळ्या चौकटीत एक उजळ पट्टा आहे.

सकाळी 6:24

फटफटते. याच तासाभरात सर्वांत जास्त घात होतो. आत दिवा असला तर काच दिसत नाही, उजेड दिसतो. बाहेर उजाडू लागले की त्याच काचेत ढग आणि झाडे दिसतात. दोन्ही वेळी पक्ष्याच्या दृष्टीने समोर वाट मोकळी असते. तो वेग कमी करत नाही. आपटल्याचा आवाज फार मोठा नसतो. दहा ग्रॅमचा आवाज केवढा असणार.

वाचलेला पक्षी पुन्हा उडतो, आणि बऱ्याचदा पुन्हा त्याच काचेकडे.

सकाळी 6:52

सूर्योदय.

त्यानंतर

विलार्ड नेहमीच्या वाटेने इमारतीपाशी येतात. चाळीस वर्षांत शेकडो सकाळी त्यांनी ही फेरी मारली आहे. पक्षी शोधायचे म्हणजे भिंतीच्या कडेने नजर फिरवत चालायचे, कुंडीमागे, कोपऱ्यात बघायचे. आज शोधावे लागत नाही. खिडक्यांखाली सतरंजी अंथरावी तसे पक्षी पडले आहेत.

एकेक उचलायला, पिशवीत घालायला वेळ लागतो. पावसाने पिसे अंगाला चिकटलेली. भिजलेला वॉर्बलर सुक्याहून निम्मा दिसतो. यलो-रम्प्ड वॉर्बलर ओळखायला सोपा आहे, पाठीच्या बुडाशी बोटाच्या पेराएवढा पिवळा डाग असतो. तो डाग भिजूनही पिवळाच राहतो. उचललेल्यांत सर्वांत जास्त हे आणि पाम वॉर्बलर.

शहराच्या मध्यभागी ‘शिकागो बर्ड कोलिजन मॉनिटर्स’चे स्वयंसेवक जाळ्या आणि कागदी पिशव्या घेऊन पहाटेपासून फिरत आहेत. 2003 पासून ते हे करतात. जिवंत सापडलेला पक्षी कागदी पिशवीत ठेवायचा, वरून तोंड दुमडायचे, अंधारात तो शांत होतो, मग गाडीने वन्यजीव-केंद्रात. आज मेलेले आणि जखमी मिळून त्यांच्याकडेही शेकडो जमतात. ते 964 मध्ये धरलेले नाहीत.

म्युझियमचे टेबल

मोजणी: 964 पक्षी, 33 जाती. याआधीच्या चाळीस वर्षांतल्या सर्वांत वाईट दिवसापेक्षा सुमारे 700 जास्त.

मग पट्टी. वजन, चोच, मिटलेला पंख, पायाचे हाड. वहीत पुढची ओळ.

2024, उन्हाळा

लेकसाइड सेंटरच्या काचांना ठिपक्यांचे आवरण लावले जाते. छोटे ठिपके, एकमेकांपासून पाच सेंटिमीटरवर, दोन फुटबॉल मैदानांएवढ्या काचेवर. खर्च 12 लाख डॉलर. माणसाला आतून ठिपके जवळपास जाणवत नाहीत, पक्ष्याला बाहेरून काच दिसते. त्या शरदात मृत्यू सुमारे 95 टक्क्यांनी घटल्याची मोजणी होते. मोजायला तीच माणसे, तीच दीड किलोमीटरची वाट, पहाटेची तीच वेळ.