लगाम मोतद्दाराच्या हाती

पुण्याच्या बुधवार पेठेत दुसऱ्या बाजीरावाने बांधलेला वाडा १८७९ च्या मे महिन्यात आगीत जळाला.  बुधवार वाड्याच्या याच धन्याने १८१२ मध्ये गुहागरला समुद्राकाठी एक वाडा उठवला आणि पेशवाई बुडेपर्यंत उन्हाळ्याचे काही दिवस तो तिथे काढत असे. समुद्रस्नानाचे पुण्य आणि खारा वारा असे दोन्ही त्यात साधत होते. पुढे इंग्रजांनी तो वाडा मोडला आणि त्याचे सामान रत्नागिरीच्या सरकारी इमारतींना लावले. पुण्याहून कोकणकिनाऱ्यावर हवापालटासाठी जाण्याची ही एक ठळक जुनी नोंद आहे. आता अलिबागपासून गणपतीपुळ्यापर्यंत सुट्टीतली गर्दी असते आणि उभ्या जन्मात रिकिबीत पाय न घातलेला माणूस वाळूवर घोड्यावर बसतो. ही फेरी म्हणजे मराठ्यांच्या घोडदळाचा उरलेला वारसा, असे सहज बोलले जाते. मला ते पटत नाही. या धंद्याचे मूळ पागेत शोधू नये. ते ओझे वाहणाऱ्या तट्टात आणि त्याचा लगाम धरून पायी चालणाऱ्या माणसात, म्हणजे मोतद्दारात आहे.

पागेचा हिशेब वेगळा होता. शिलेदार स्वतःचे घोडे घेऊन चाकरीला येई, बारगिराला सरकारी घोडे मिळे. पण घोडे कोणाचेही असो, त्यावर बसणाऱ्याला ते चालवता येणे ही पहिली अट होती. ज्याला ती विद्या नव्हती त्याच्यासाठी पालखी आणि मेणा होता, नाहीतर तट्टू होते. लष्कराबरोबरचे कारकून आणि व्यापारी तट्टावरून मजल दरमजल करत, आणि त्याच जातीच्या जनावरावर धान्य, तंबू, भांडीकुंडीही लादली जात. भीमेच्या खोऱ्यातले भीमथडी तट्टू त्यासाठी नावाजलेले होते: अंगाने लहान, थोड्या चाऱ्यावर निभावणारे, खडकाळ वाटेवर पाय न चुकवणारे. धनगरांचे वाडे आजही मेंढरांमागे फिरताना आपला संसार आणि नुकती जन्मलेली कोकरे याच घोड्यांच्या पाठीवर घालतात. कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरोने अलीकडे भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली, हे उशिरा का होईना योग्य झाले.

यावर कोणी म्हणेल की मराठ्यांचे स्वारही याच लहान चणीच्या घोड्यांवर बसून दूरदूरचे मुलूख तुडवत गेले, मग पागा आणि तट्टू असा भेद कशाला? आक्षेप खरा आहे, आणि रक्ताच्या बाबतीत तो मान्यच केला पाहिजे. अरबी आणि इराणी घोड्यांचा देशी घोड्यांशी संकर झाला, त्याचा वाटा भीमथडीच्या घडणीत सांगितला जातो. पण रक्त एक असले म्हणून धंदा एक होत नाही. घोडदळात घोडे स्वाराचे ऐकते. किनाऱ्यावरच्या फेरीत ते वर बसलेल्याचे मुळीच ऐकत नाही. ते ऐकते खाली चालणाऱ्याच्या हाकेचे. १८१८ नंतर पागा मोडल्या तेव्हा स्वाराची विद्या गिऱ्हाईकाअभावी आटत गेली. मोतद्दाराच्या विद्येला मात्र लवकरच नवे गिऱ्हाईक मिळाले.

ते गिऱ्हाईक थंड हवेच्या ठिकाणांनी आणले. महाबळेश्वरला १८२०च्या दशकाअखेर मालकमपेठ वसली. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये माथेरानच्या डोंगरावर चढला आणि पुढे तिथे मुंबईकरांचे बंगले उभे राहिले. आगगाडीने नेरळपर्यंत येता येई, पण तिथून वर जायला पाय, पालखी किंवा भाड्याचे तट्टू. येणाऱ्यांत साहेब होते तसे कचेऱ्यांतले लोक, पेढीवाले, त्यांच्या बायका आणि मुलेही होती, आणि त्यांतल्या पुष्कळांना घोडा हाकता येत नव्हता. म्हणून जनावराबरोबर माणूसही भाड्याने येऊ लागला. १९०७ मध्ये नेरळची छोटी गाडी सुरू झाली, तेव्हा घोडे संपायला हवे होते. ते संपले नाहीत, कारण माथेरानात मोटारीला मज्जाव राहिला. दस्तुरीनाक्यावर गाडी सोडायची आणि पुढे घोडा करायचा, ही रीत पडली. गरजेची वाट चालणारे जनावर ‘पॉइंट’ दाखवू लागले. परवाना, ठरलेले दर आणि प्रत्येक घोड्यामागे त्याचा माणूस ही आजची घडी, माझ्या मते, किनाऱ्यावर बसली नाही. ती डोंगरावर बसली.

किनाऱ्याकडे पाहिले तर हे आणखी स्पष्ट होते. कोकण घोड्याचा मुलूख कधी नव्हता. भातखाचरे, खाड्या आणि धो धो पाऊस असलेल्या त्या पट्टीत माल गलबताने, बैलावर किंवा माणसाच्या डोक्यावरून जाई. घोडा तिथे आला तो पर्यटकाच्या मागोमाग. अलिबागला ओहोटीच्या वेळी घोडागाड्या पाण्यातून कुलाबा किल्ल्यापर्यंत जातात, तिथे या धंद्याचे खरे शहाणपण दिसते. भरती कधी फिरेल, ओली घट्ट वाळू कुठवर आहे, कोरड्या भुसभुशीत वाळूत घोड्याच्या पायाच्या शिरांवर किती ताण येतो, हे सगळे गाडीवाल्याला ठाऊक असावे लागते. नवख्याची रिकीब आखूड करणे आणि चढावर त्याला पुढे, उतारावर मागे झुकायला सांगणे हीसुद्धा विद्याच आहे. ती कुठल्या ग्रंथात नाही आणि तिला कोणी प्रमाणपत्र देत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: जनावराला करमणुकीसाठी राबवावेच का? मुंबई उच्च न्यायालयाने जून २०१५ मध्ये मुंबईतल्या व्हिक्टोरिया घोडागाडीतून मौजेची सफर बेकायदा ठरवली, आणि शहरातले तबेले व डांबरी रस्ते पाहता तो निर्णय मला योग्य वाटतो. पण त्यावरून सरसकट बंदी मागणे म्हणजे घोडा आणि घोडेवाला दोघांनाही वाऱ्यावर सोडणे होईल. ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ चे केंद्रीय नियम आहेतच. तट्टावर ७० किलोंपेक्षा जास्त ओझे नको, दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम नको, सलग पाच तासांपेक्षा जास्त राबवणे नको, आणि पारा ३७ अंशांवर असेल तर दुपारी बारा ते तीन काम बंद. कायद्यानेही तट्टाला ओझ्याचे जनावर म्हणूनच ओळखले आहे. सत्तर किलोंच्या या मर्यादेत आपल्यातले किती जण बसतात, हे घोड्यावर चढण्याआधी प्रत्येकाने स्वतःला विचारावे. कोकणातल्या ग्रामपंचायतींनी आणि नगरपरिषदांनी माथेरानसारखे परवाने द्यावेत, वजनाची आणि तासांची पाटी वाळूच्या तोंडाशी लावावी, घोड्यांची तपासणी पशुवैद्याकडून करून घ्यावी आणि मोतद्दाराच्या कामाला हुन्नर म्हणून मान्यता द्यावी.