हत्यारांचा कायदा आणि घरातली दुनळी

दसऱ्याच्या सकाळी आमच्या घरी देवासमोर पाट मांडला जाई. त्यावर पोथ्या, वहीखाते, सुतारकामाची किकरे, एक गंजलेली तलवार आणि तेल लावून पुसलेली दुनळी बंदूक. बंदुकीशेजारी एक जीर्ण पुस्तिका असे आणि तिलाही हळदकुंकू वाहिले जाई. तो बंदुकीचा परवाना. लहानपणी मी आजोबांना विचारले, या कागदाची पूजा कशासाठी? ते म्हणाले, "बाळ, बंदूक घरात आहे ती या कागदामुळे. कागद गेला की ती चोरीची."

आपल्यापैकी अनेक घरांत अशी एखादी बंदूक आहे किंवा होती. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे येथे पूर्वज शिंदे, होळकर, गायकवाडांच्या चाकरीत आले. भिंतीवरची बंदूक हे आपण त्या इतिहासाचे चिन्ह मानतो. परंतु आजोबांच्या वाक्यात जो इतिहास आहे, तो आपण फारसा वाचलेला नाही. शिकारीची बंदूक रीतसर दुकानातून विकत घेण्यास सरकारची परवानगी का लागू लागली, आणि ती कोणाला मिळे?

पेशवाई बुडाल्यावरही गावोगावी तोड्याच्या व ठासणीच्या बंदुका होत्या. त्यांच्यावर खरी गदा आली ती १८५७ च्या उठावानंतर. त्याच वर्षी व पुन्हा १८६० मध्ये हत्यारांसंबंधी कायदे झाले. परंतु ज्याला आपले वाडवडील 'हत्यारांचा कायदा' म्हणत, तो लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीतला १८७८ चा अकरावा कायदा. परवान्यावाचून हत्यार बनवणे, विकणे, बाळगणे, घेऊन हिंडणे हा गुन्हा ठरला. कायद्याखालच्या नियमांनी मात्र युरोपियन व अँग्लो-इंडियन मंडळींना मोकळीक दिली. एकाच दुकानातून एकच बंदूक गोऱ्या साहेबाने परवान्यावाचून न्यावी आणि देशी वकिलाने त्याच बंदुकीसाठी कलेक्टरच्या कचेरीत अर्ज घेऊन तिष्ठावे, असा हा न्याय होता. लिटनने त्याच वर्षी देशी वृत्तपत्रांवरही कायदा लादला होता. तो रिपनने १८८२ मध्ये मागे घेतला. हत्यारांचा कायदा मात्र कोणी मागे घेतला नाही. लेखणी मोकळी करण्याइतके धैर्य सरकारात होते, बंदुकीबाबत नव्हते.

आणखी एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. राखीव जंगलांचा कायदाही १८७८ चाच. एका कायद्याने बंदूक परवान्याखाली गेली, दुसऱ्याने रान. पुढे राखीव जंगलातली शिकार हाही पास काढून करण्याचा विषय झाला. रानडुकरांपासून जोंधळा राखणाऱ्या कुणब्याला या दोन्ही कायद्यांची झळ एकदमच बसली. शिकारीच्या आपल्याकडच्या आठवणी बहुतेक सरदारांच्या नि साहेबांच्या आहेत, आणि या कुणब्याची आठवण कोणी लिहून ठेवली नाही याचे मला वैषम्य वाटते.

राष्ट्रीय सभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच या कायद्यात सुधारणा मागितली. वांशिक सवलत गेली ती १९२० च्या नियमांनी. १९३१ च्या कराची ठरावातील मूलभूत हक्कांच्या यादीत नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क होता. स्वतंत्र भारताच्या घटनेत तो आला नाही. का आला नाही, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

संस्थानांची गोष्ट थोडी वेगळी. ब्रिटिश कायदा ब्रिटिश मुलखापुरता. संस्थानात दरबारची सत्ता चाले, आणि राजेरजवाड्यांना ब्रिटिश नियमांतही सूट होती. ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे यांनी वाघाच्या शिकारीवर इंग्रजीत मार्गदर्शक पुस्तक लिहिले, ते १९२० मध्ये निघाले. शिवपुरीचे त्यांचे शिकारीचे रान आज माधव राष्ट्रीय उद्यान आहे. परंतु उत्तम बंदुका मिळत त्या मुंबई-कलकत्त्याच्या दुकानांत. तेथून संस्थानात हत्यार नेणे म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ते ब्रिटिश हद्दीबाहेर पाठवणे होते. आपल्या वापरापुरत्या हत्याराला सवलत होती, तरी खरेदीदाराच्या मागे साहेबाचा कायदा वेशीपर्यंत येईच.

या दुकानांवर सरकारची बारीक नजर असे. विक्रीची वही ठेवावी लागे. गिऱ्हाइकाच्या परवान्यावर काडतुसांची संख्या, तारीख व विक्रेत्याची सही घालावी लागे. ही नजर किती खोल होती याचा एक मासला सांगण्याजोगा आहे. .४५० बोअरची काडतुसे लष्करी मार्टिनी-हेन्री बंदुकांसाठी उपयोगी पडतील, या भयाने १९०७ च्या सुमारास त्या बोअरच्या आयातीवर बंदी आली. विलायतेतल्या बंदूककारांनी मग हिंदुस्थानच्या बाजारासाठी .४६५ व .४७० अशी नवी काडतुसे काढली. मोठ्या शिकारीची ही जगप्रसिद्ध काडतुसे म्हणजे मुळात आपल्या मुलखातल्या एका सरकारी हुकमाची संतती. .३०३ सारखी लष्करी काडतुसे सामान्य नागरिकाला नाहीत, हा दंडक तर आजही आहे, आणि इशापूरच्या सरकारी कारखान्याची नागरी रायफल .३१५ बोअरची असण्याचे मूळ त्यातच आहे.

इतका बंदोबस्त असूनही व्हायचे ते झाले. २६ ऑगस्ट १९१४ रोजी कलकत्त्याच्या रॉडा कंपनीने मागवलेल्या मालातून ५० माउझर पिस्तुले व ४६,००० काडतुसे क्रांतिकारकांनी पळवली. ती बंदरावरून गोदामात पोचवण्याचे काम कंपनीच्याच एका कारकुनाकडे होते. परवाना दुकानाला होता, माणसाच्या मनाला नव्हता.

स्वातंत्र्यानंतर संस्थानी कायदे गेले आणि देशभर एक कायदा आला. १९५९ चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. गोव्यात पोर्तुगीज राजवट संपून तेव्हा वर्षही झाले नव्हते. या कायद्याचे तेरावे व चौदावे कलम मी पुन्हा पुन्हा वाचले आहे. किमान २० इंच नळीची, आतून गुळगुळीत नळीची बंदूक स्वसंरक्षणासाठी वा खेळ-शिकारीसाठी हवी असेल, किंवा पीक राखण्यासाठी ठासणीची बंदूक हवी असेल, तर परवाना 'द्यावा' असे कायदा म्हणतो. इतर बंदुकांसाठी अर्जदाराला सबळ कारण दाखवावे लागते. शिवाय पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून कोणाला परवाना नाकारता येत नाही. नाकारला तर कारण लेखी नोंदवावे लागते आणि त्यावर अपील करता येते. १८७८ च्या कायद्याच्या पार्श्वभूमीवर ही दोन कलमे वाचली, म्हणजे त्यांचे मोल कळते. कचेरीतला अनुभव याहून निराळा असतो हे मला ठाऊक आहे. माझ्या एका आप्ताचा अर्ज चार वर्षे एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत होता.

आजची रीत अशी. अर्जदाराचे वय २१ पूर्ण हवे. १९८३ पूर्वी ही मर्यादा १६ वर्षांची होती. पोलीस चौकशी होते. २०१६ च्या नियमांनुसार वैद्यकीय दाखला आणि हत्यार सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला लागतो, परवान्याला देशपातळीवरच्या नोंदणीचा क्रमांक मिळतो. परवाना आधी, बंदूक मागाहून. हा क्रम पुष्कळांना ठाऊक नसतो. परवाना मिळाल्यावर ठरलेल्या मुदतीत परवानाधारक दुकानदाराकडून बंदूक घ्यावी आणि ती अधिकाऱ्यापुढे तपासणीस ठेवावी लागते. बंदुकीवर निर्मात्याचे नाव व क्रमांक नसेल तर ती विकताच येत नाही. गिऱ्हाइकाला बंदूक बाळगण्याचा अधिकार आहे की नाही हे न पाहता दुकानदाराने ती हाती दिली, तर तो स्वतः गुन्हेगार ठरतो.

आता प्रश्न शिकारीचा. १९७० मध्ये वाघाची शिकार बंद झाली. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा त्यात लहान-मोठ्या शिकारीच्या परवान्यांची तरतूद अजून होती. ती १९९१ च्या दुरुस्तीने गेली. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाला आपले नाव वन्यजीव अधिकाऱ्याकडे नोंदवावे लागते आणि त्या टापूत नवा परवाना त्याच्या संमतीवाचून मिळत नाही. म्हणजे ज्या बंदुकीला आपण 'शिकारीची' म्हणतो, ती दुकानात मिळते, परवान्यावर मिळते, पण तिने शिकार करता येत नाही. पिकांची नासाडी करणाऱ्या जनावरांबाबत सरकार कुठे कुठे मर्यादित मुभा देते, तेवढाच अपवाद. मला या बंदीचे दुःख नाही. रानात गेलो की काय उरले आहे ते दिसते. आजोबांच्या काळच्या शिकारीच्या गोष्टी मी आवडीने ऐकल्या, पण त्या गोष्टींतल्या जनावरांची संख्या मोजायचे कोणाच्याच मनात आले नव्हते.

आमच्या घरात तीन बंदुका होत्या. पणजोबांची ठासणीची, आजोबांची दुनळी आणि वडिलांनी १९६४ मध्ये दुकानातून घेतलेली .२२ रायफल. १९८३ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनच बंदुका ठेवता येऊ लागल्या, तेव्हा आम्ही काठावर तरलो. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने तीनाच्या दोन झाल्या. वारसाहक्काने आलेल्या बंदुकाही त्यातच धरल्या. जास्तीची बंदूक वर्षाच्या आत पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करायची होती.

घरात वाद झाला. जुनाट बनावटीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या हत्याराला, दुरुस्त करूनही ते चालण्याजोगे नसेल तर, कायद्यातून सूट आहे. धाकट्या भावाचे म्हणणे, पणजोबांची बंदूक या सुटीत बसते, मग तीनही राहतील. आम्ही ती एका जाणत्या कारागिराला दाखवली. त्याने नळीत गज घालून पाहिला, घोडा ओढून पाहिला आणि म्हणाला, "साहेब, दोन दिवस द्या, बार काढून दाखवतो." त्याला वाटले आम्ही खूश होऊ.

रायफल गेली. ज्या दुकानातून वडिलांनी ती घेतली होती ते आता नाही, म्हणून दुसऱ्या दुकानात जमा केली. दुकानदाराने क्रमांक भिंगाखाली वाचला, वहीत लिहिला, पावती दिली. वडिलांच्या परवान्यात १९६४ ची नोंद जशीच्या तशी होती, निळ्या शाईत, दुकानदाराच्या वळणदार सहीची.

माझे वय आता ७४ आहे. सत्तरी उलटल्यावर हयातीतच वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. मुलाने प्रशिक्षणाचा दाखला घेतला आहे, पोलीस चौकशी व्हायची आहे. गेल्या दसऱ्याला पाटावर दोन बंदुका, परवाना आणि त्या रायफलीची पावती ठेवली. नातवाने विचारले, ही कशाला?